फील्डवर शिकतात ते खरंच, पण काय शिकतात?

ट्रेनर आठवडाभर स्लाइड वाचून दाखवतो आणि खरं सेल्स माणूस मार्केटमध्येच शिकतो, असं सेल्स ट्रेनिंगबद्दल एकाने लिहिलंय. दुसरा भाग पटला. पण विमा विकणाऱ्या नव्या पोरांना तयार करणं हेच माझं नागपुरातलं रोजचं काम आहे. फील्डवर पोरगा सिनियरच्या वाईट सवयीही तितक्याच पटकन उचलतो. 'एफडीसारखंच आहे, करा सही' हे वाक्य कुठल्याच स्लाइडवर नसतं.

म्हणून माझा निम्मा वेळ रोल-प्लेत जातो. मी इतवारीतला धान्याचा व्यापारी बनतो. वहीतून मान वर करत नाही, मधेच गिऱ्हाईक आलं की तिकडे वळतो, आणि एवढंच विचारतो, 'भाऊ, पैसे मधातच काढता येते का?' बहुतेक जण इथे गडबडतात आणि फायदे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतात. पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर हातात किती येईल, हे आकड्यात सांगता आलंच पाहिजे. फ्री-लूकचंही, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायच्या मुदतीचंही, तसंच: २०२४च्या नियमांपासून पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवस मिळतात, आधी सर्वसाधारणपणे १५ होते. हे सहीच्या आधी सांगायचं, यावर मी अडून बसतो. मॅनेजर कुरकुरतात, कारण बॅच कशी निघाली हे पहिल्या महिन्याच्या लॉगिनवरून, म्हणजे जमा केलेल्या नव्या अर्जांवरून, ठरतं. माझ्या मते ते १३व्या महिन्यावरून ठरावं, दुसऱ्या वर्षाचा हप्ता किती जणांनी भरला त्यावरून.