मियाटाचा उजवा हेडलाइट अर्ध्यातच अडकतो, मीटरवर मात्र १२ व्होल्ट दिसतात

निळीमियाटा, न्यू जर्सी
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९९१ ची माझदा मियाटा आहे, १.६ लिटरवाली, पॉप-अप हेडलाइटची, म्हणजे बटण दाबलं की दिवे मोटरने बॉनेटमधून वर उठतात. दोन वर्षांपूर्वी घेतली आणि जिवापाड जपतोय. आता गेल्या महिन्यापासून उजवा दिवा, म्हणजे इथल्या पॅसेंजर साइडचा, नाटकं करतोय. डावा झटकन वर येतो, उजवा कधी येतच नाही, कधी अर्ध्यावर येऊन थांबतो, आणि थंडीच्या सकाळी तर हमखास. वरून हाताने थोपटलं की कधीकधी उठतो. फ्यूज बघितला, शाबूत आहे. मोटरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर १२.४ व्होल्ट येतात, म्हणजे करंट तर पोचतोय ना? एका गॅरेजवाल्याने न उघडताच मोटर गेली म्हणून सांगितलं, पण जुनी ओरिजिनल मोटर अशी फेकून द्यायला मन होत नाही. कुठून सुरुवात करू?

लेस्टरचायुनोस
माझी युनोस रोडस्टर आहे, म्हणजे तुझीच गाडी, जपानहून इकडे इंग्लंडात आलेली, त्यामुळे हे सगळं भोगून झालंय. सगळ्यात आधी एक गोष्ट, बोटं सांभाळ. अडकलेला दिवा कधी अचानक उठेल किंवा बसेल सांगता येत नाही आणि त्या मोटरला चांगला जोर असतो. बॉनेटखाली मेन फ्यूज बॉक्समध्ये ३० अँपिअरचा रिट्रॅक्टर नावाचा फ्यूज आहे तो काढ आणि मगच हात घाल. मोटरच्या टोकाला रबराची टोपी आहे, तिच्याखाली नॉब, तो फिरवला की दिवा हाताने वर येतो. रिपेअर होईपर्यंत दोन्ही दिवे असेच वर करून ठेव, बल्बची लाइन वेगळी आहे त्यामुळे उजेड पडतो, रात्री एका डोळ्याने चालवू नकोस. आणि नॉब फिरवताना लक्ष दे, दोन्ही बाजूंना सारखाच जोर लागतो का. उजवीकडे जड लागला तर आधी लिंकेजचे, म्हणजे मोटर आणि दिवा जोडणाऱ्या दांड्यांचे, सांधे साफ करून ग्रीस लाव, कारण सांधे जाम असले की चांगली मोटरसुद्धा दमते.

टेस्टलॅम्प_सांगली
मी मियाटा कधी उघडली नाही, पण बत्तीस वर्षं ऑटो वायरिंग केलंय म्हणून लिहितो. डावा दिवा नीट चालतोय म्हणजे फ्यूज आणि स्विच दोन्हीकडे सामाईक आहेत ते ठीक समजा, दोष उजव्या बाजूच्या वायरीत, कनेक्टरमध्ये, अर्थिंगमध्ये (करंट गाडीच्या बॉडीतून परत जातो ती जोडणी) नाहीतर मोटरमध्ये.

आता तुमचे १२.४ व्होल्ट. कनेक्टर काढून मोजलंत तिथेच फसलात. मीटर करंट जवळजवळ खेचतच नाही, त्यामुळे वायरीच्या शंभर तारांतली एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण बारा दाखवतो, पण मोटरला लागणारे कितीतरी अँपिअर त्या एका तारेतून जाणार कसे? आमच्याकडे म्हणूनच मीटरच्या आधी टेस्ट लॅम्प हातात घेतात, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडायचा आणि लावायचा, भगभगीत पेटला तर लाइनमध्ये दम आहे, मिणमिणला तर नाही. मीटरच वापरायचा असेल तर कनेक्टर जोडलेला ठेवा, मागून पिन घाला, कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि त्या क्षणी अर्थच्या वायरीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. तिथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट यायला हवेत. त्याहून जास्त आले तर अर्थ गेलाय, मोटरला हात लावू नका. आणि काहीही झालं तरी मोठा फ्यूज घालू नका, वायर जळेल.

निळीमियाटा
काका, खूप आभार. माझदात काळी वायर अर्थची, तीच ना? बॅटरी डिकीत आहे म्हणून मीटरची वायर तिथपर्यंत पोचेना, तुम्ही म्हणालात तसं इंजिनवर लावली. बायकोने आतून बटण दाबलं तर काळ्या वायरीवर चक्क ५ व्होल्ट!! म्हणजे मोटरला जेमतेम सातच मिळत होते?

टेस्टलॅम्प_सांगली
हो, काळीच, आणि हिशोब बरोबर. ती वायर बॉडीला जिथे बोल्टने लागली आहे तो बोल्ट काढा, खालचा रंग-गंज घासून धातू चकचकीत करा, डोळा म्हणजे वायरीच्या टोकाची रिंग पण घासा, घट्ट बसवा, वरून थोडी व्हॅसलिन. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा हा प्रताप. कनेक्टरच्या पिना पण बघा, हिरव्या पडल्या असतील.

म्युनिकहून९४४
माझ्या पोर्शे ९४४ ला दोन्ही दिव्यांना एकच मोटर, मधून दांडा जातो, त्यामुळे एकटा दिवा रुसण्याचा प्रकारच नाही, रुसले तर दोन्ही. पण अर्थचा त्रास तोच. एक भर घालतो, मियाटाची मोटर एकाच दिशेने फिरते, अर्धा फेरा वर आणि अर्धा खाली, आणि कुठे थांबायचं ते आतले कॉन्टॅक्ट ठरवतात. अर्थ सुधारूनही दिवा मध्येच थांबला किंवा वरखाली करतच राहिला तर ते कॉन्टॅक्ट बघ.

निळीमियाटा
अपडेट देतो. अर्थचा बोल्ट काढला तर खाली पांढरट-हिरवा थर होता. घासला, पिना साफ केल्या, आता काळ्या वायरीवर ०.१ व्होल्ट आणि दिवा डाव्याच्या बरोबरीने उठतो. पण आठ-दहा वेळांत एकदा अजून अडकायचा, म्हणून रविवारी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मोटर बाहेर घेतली आणि झाकण उघडलं. जुनं ग्रीस काळं, घट्ट, डांबरासारखं, आणि कॉन्टॅक्टवर तोच थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कापडाने पुसलं, कॉन्टॅक्ट हलकेच चमकवले, गिअरला ताजं ग्रीस भरलं, कॉन्टॅक्टवर जाऊ दिलं नाही. काल पहाटे उणे चार होतं, लागोपाठ तीस वेळा बटण दाबलं, तीसही वेळा दोन्ही दिवे एकदम वर. लेक खिडकीतून मोजत होती. मोटर तीच आहे, १९९१ ची.

लेस्टरचायुनोस
फार बरं वाटलं वाचून! आता आठवड्यात डावीकडचा बोल्टही काढून घास, तोही तितक्याच वर्षांचा आहे.