चॉसर: मिलरची गोष्ट चावट का?

कालिना_एमए: चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'वर (यात्रेकरू वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात, तो ग्रंथ) ट्यूटोरियल लिहायचंय. 'सरदाराची गोष्ट उदात्त, मिलरची (चक्कीवाल्याची) चावट, कारण ज्याच्या-त्याच्या वर्गाला तसंच साहित्य आवडायचं' असं मांडलं तर चालेल का? पुरावा कुठे शोधू?

जुनी_पोथी: 'कारण'च्या पुढचं काढून टाका, सगळी चूक तिथेच आहे. मिलरची गोष्ट फॅब्लिओ, म्हणजे चावट विनोदी पद्यकथा, या प्रकारातली. फ्रान्समधला हा प्रकार दरबारी आणि सुखवस्तू लोकही आवडीने ऐकत. चॉसर स्वतः दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा, लंडनच्या बंदरावर जकात खात्यात अधिकारी. तो चक्कीवाल्यांसाठी लिहीत नव्हता. चावट गोष्ट त्याने चक्कीवाल्याच्या तोंडी घातली. का घातली, हा तुमचा प्रश्न.

मिलरची प्रस्तावना वाचा, ओळी ३१०९ ते ३१८६. सरदारानंतर यजमान, म्हणजे यात्रेकरूंसोबत निघालेला खानावळवाला, मठवासी साधूला बोलावतो, म्हणजे मानपानाचा क्रम पाळतो. झिंगलेला मिलर मध्ये घुसतो आणि सरदाराच्या गोष्टीची 'परतफेड' करीन म्हणतो. तो शब्द सोडू नका. नंतर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा: दोन तरुण, एक मुलगी. अथेन्सच्या जागी ऑक्सफर्ड, २२५० ओळींच्या जागी जेमतेम ६७०. सगळ्यात भारी पुरावा एकाच ओळीचा. 'एकटा, सोबतीला कुणी नाही' हे २७७९व्या ओळीत सरदाराच्या गोष्टीतला मरणारा आर्साइट थडग्याबद्दल म्हणतो. ३२०४व्या ओळीत तेच शब्द मिलरच्या गोष्टीतल्या निकोलस या विद्यार्थ्याच्या भाड्याच्या खोलीबद्दल येतात. सरदाराची भाषा मिलर अशी वापरून दाखवतो!

पानसुपारी: सहमत, पण 'खालचा वर्ग' असा एकच गठ्ठा करू नका. मिलर धान्य चोरतो, दळणावळ तिप्पट घेतो; नाडलेला गरीब नव्हे. त्याच्या गोष्टीत फसतो तो सुतार, आणि यात्रेकरूंमधला रीव्ह, म्हणजे जहागिरीचा कारभारी, मूळचा सुतारच. म्हणून रीव्ह उत्तरादाखल जी गोष्ट सांगतो तिच्यात एका मिलरची फजिती होते. हा धंद्याधंद्यातला हिशेब आहे. खरा राबणारा नांगऱ्या मात्र ग्रंथाच्या मुख्य प्रस्तावनेत स्तुती घेऊन जातो, त्याला गोष्टच मिळत नाही. माझ्या मते निबंधातला सगळ्यात जड परिच्छेद हाच व्हावा.

कालिना_एमए: इंग्लंडमधलं १३८१चं शेतकऱ्यांचं बंड आणू का?

जुनी_पोथी: आणा, पण मिलर म्हणजे बंडखोर असं समीकरण मांडू नका. बंडाचा उघड उल्लेख ननच्या पुरोहिताच्या गोष्टीत आहे: कोल्ह्यामागे धावणाऱ्यांचा गलका बंडातला एक पुढारी जॅक स्ट्रॉ याच्या टोळीशी ताडलाय. तो घ्या. आणि कुलीनता जन्माने येत नाही हा युक्तिवाद हवा असेल, तर बाथच्या बाईच्या गोष्टीतलं म्हातारीचं भाषण.