प्लाऊने (रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीने) मेलबॉक्स पाडला. भरपाई कशी मागायची?

मिशिगनमध्ये स्वतःचं घर आहे, एचओए (घरमालकांची सोसायटी) नाही. समोरचा रस्ता काउंटीच्या रोड कमिशनकडे येतो. परवाच्या बर्फात मेलबॉक्सचा लाकडी खांब जमिनीलगत मोडला आणि डबा चरात जाऊन पडला.

रोड कमिशनला फोन केला. त्यांचं म्हणणं, प्लाऊ प्रत्यक्ष लागला असेल तरच साधा डबा आणि खांब देऊ. उडालेल्या बर्फाच्या माऱ्याने मोडला असेल तर घरमालकाने बघावं. गोची इथेच आहे. डब्याच्या रस्त्याकडच्या बाजूला लांब आडवा ओरखडा आहे आणि त्यात नारिंगी रंग लागलाय. बर्फाला कुठून आला नारिंगी रंग? फोटो काढून ठेवलेत. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात मात्र फक्त गाडीचे दिवे दिसतात.

डबा पोस्टाच्या नियमात बसवलेला होता, रस्त्यापासून 41 ते 45 इंच उंचीच्या आत; खांब 4 बाय 4 चा. जमीन गोठल्याने नवा खांब आत्ता पुरता येणार नाही. तोवर बादलीत रेती भरून त्यात उभा केलाय, टपाल येतंय. घरविम्याचं डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) खर्चाच्या कितीतरी वर, त्यामुळे तो सल्ला नको. वकीलही नको, एवढ्याशा डब्यासाठी!

इथे कुणी असा क्लेम लेखी केलाय का? रंगाच्या खुणेचा फोटो पुरावा म्हणून चालतो, की त्या रात्रीच्या गाडीची नोंद मागवावी लागते? आणि निर्णय येण्याआधी नवा डबा विकत घेतला, तर पावतीवर पैसे मिळतात का?