श्रिम्पच्या टाकीत हिरवळीचं कार्पेट लावायचंय: सॉईल घालू की वाळू?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

टाकी दीड फुटी (४५ × ३० × ३० सेंमी), म्हणजे ४० लिटरच्या आसपास. स्पंज फिल्टर, साधी एलईडी सात तास, झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडायची सोय नाही आणि घेणारही नाही. रहिवासी लाल चेरी श्रिम्प. आईच्या मते 'जवळा म्हणूनसुद्धा खपणार नाहीत', पण माझा जीव त्यांच्यात अडकलाय.

पुढच्या भागात हिरवळ हवी आहे. दोनदा हात पोळलेत. आधी दुकानातली रंगीत खडी होती, चांगली वाटाण्याएवढी. त्यात हेअरग्रास (केसांसारखं बारीक पाणगवत) खोचलं की सकाळी अर्धं वर तरंगत असायचं. मग एका व्हिडिओच्या नादाने गांडूळखत पसरून वर जेमतेम एक सेंटीमीटर वाळू टाकली. पंधरा दिवसांनी एक रोप उपटून दुसरीकडे लावायला गेलो आणि खालून तपकिरी ढग उठला, सोबत सडक्या अंड्याचा वास. अमोनियाच्या टेस्टचं पिवळं पाणी बघता बघता हिरवं झालं. दोन दिवसांत अकरा श्रिम्प गेल्या, शिजवल्यासारख्या दुधाळ गुलाबी होऊन. उरलेल्या पंचवीसेक गॅलरीतल्या टबात आहेत, टाकी रिकामी आहे.

पाणी सोसायटीच्या बोअरचं: टीडीएस (विरघळलेले क्षार) ५२०, केएच (कार्बोनेटचा कडकपणा) ११, पीएच ७.८. दुकानदार ॲक्टिव्ह सॉईलच (झाडांसाठीची दाणेदार भाजकी माती) घ्या म्हणतोय, ३ लिटरची पिशवी पुरेल म्हणे. घ्यावी का?

प्रतिसाद १
३ लिटर कसे पुरतील? ४५ × ३० तळाला ५ सेंमी थर द्यायचा तर पावणेसात लिटर लागतं. ३ लिटरचा थर दोन सेंमीच्या थोडा वर जाईल, त्यात मुळं धरणार नाहीत.

पण मुख्य अडचण तुमचं पाणी आहे. ॲक्टिव्ह सॉईल पाण्यातला केएच शोषून पीएच खाली आणते, तिचे पैसे त्याचेच. क्रिस्टल रेड वगैरे कॅरिडिना गटातल्या श्रिम्प पाळणाऱ्यांना तेच हवं असतं: केएच शून्याजवळ, पीएच सहाच्या आसपास. केएच ११ चं पाणी दर आठवड्याला ओतत राहिलात तर एरवी वर्ष-दीड वर्ष चालणारी ताकद काही महिन्यांत संपेल, आणि तोवर पीएच खालीवर होत राहील. चेरीला साडेसहा ते आठ पीएच चालतो, तिला स्थिर पाणी हवं. तुम्ही वाळू घ्या. स्विमिंग पूलच्या फिल्टरची सिलिका वाळू, ०.६ ते १.२ मिमी दाणा, साधारण १० किलो. खाली रूट टॅब (मुळांशी पुरायची खताची गोळी), बोटभर खोल. टॅब वर आली तर तशीच सोडू नका, लगेच काढा.

प्रतिसाद २
थोडा असहमत. रोप लावायला सॉईलसारखं सुख नाही, दाणा हलका असतो, मुळं झरझर धरतात. घरात आरओ असेल तर दोन भाग आरओ, एक भाग बोअर असं मिसळा. आरओचा टीडीएस ४० धरला तर मिश्रण २०० वर येतं, केएच चारच्या आसपास. चेरीला उत्तम, आणि सॉईलही जास्त टिकेल. मात्र नवी सॉईल सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. रोज अर्धं पाणी बदला आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, श्रिम्प टबातच ठेवा. अकरा गमावल्यात, घाई नको.

आणि वाळू-सॉईल एकत्र करू नका. वाळू खाली सरकते, सॉईलचे दाणे वर येतात, सहा महिन्यांत चिवडा होतो.

प्रतिसाद ३
तुम्ही दोघं तळावर भांडताय, इथे खरी अडचण झाडाची आहे. सीओटूशिवाय एचसी क्यूबा या नाजूक कार्पेट-रोपाच्या नादी लागू नका. मॉन्टे कार्लो हे दुसरं कार्पेट-रोप जगेल, पण रडतखडत. मार्सिलिया हिर्सुटा लावा. हळू पसरते, पण वाळूतही पसरते आणि उजेड कमी पडला तरी कुरकुर करत नाही. रोपं टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत जेलवर वाढवलेल्या) डबीतली घ्या. उघड्यावर वाढवलेल्या रोपांवर कीटकनाशक असेल तर मासे वाचतील, श्रिम्प नाही. डबीतला जेल कोमट पाण्यात पूर्ण धुवा, पाच-सहा काड्यांचे झुपके करा, दोन-दोन सेंमीवर चिमट्याने तिरके खोचा. सरळ खोचलेलं वर येतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. वाळू आणि मार्सिलिया नक्की. पाणी मात्र प्रतिसाद २ प्रमाणे मिसळूनच घालणार, स्वयंपाकघरात आरओ आहेच.

मामा गुहागरहून किनाऱ्याची वाळू फुकट आणून देतो म्हणाला, मागच्या खेपेची पिशवीभर घरात होती. चमचाभर बशीत घेऊन व्हिनेगर टाकलं तर सोड्यासारखी फसफसली. शिंपल्यांचा चुरा, दुसरं काय. आधीच कडक असलेल्या पाण्यात अजून चुना नको. पूलची वाळू मात्र गप्प बसली. ती आठ पाण्यांनी धुतली, तरी नववं पाणी गढूळच आहे. अजून किती धुवायची असते?

प्रतिसाद १
बादलीच्या तळाशी टाकलेलं नाणं वरून दिसेपर्यंत.