बहुमताचा अधिकार कुठवर?

'बहुसंख्यांना समलिंगी विवाह नको असेल तर लोकशाहीत विषय संपला', असं काहीजण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. कर किती बसवायचा हे बहुमताने ठरवा. दोन सज्ञान माणसांनी कुणाशी संसार थाटावा, यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत कशाला मोजायचं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंतरवंशीय विवाहांवरची बंदी रद्द केली, तेव्हा तिथलं लोकमत अशा लग्नांच्या विरोधातच होतं. न्यायालय थांबलं असतं तर त्या जोडप्यांनी आणखी किती वर्षं वाट पाहायची होती? आयर्लंडमध्ये २०१५ साली सार्वमतात सुमारे ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण नकार आला असता, तरी वारसाहक्क आणि आजारी जोडीदारासाठी निर्णय घेण्याचा अधिकार त्या जोडप्यांना तितकाच हवा होता.