जांभळाची आइसकांडी दगड होते आणि रंग आधीच चोखून जातो. काय चुकतंय?

विरारची सून:
मागच्या रविवारी पालघरहून येताना मनोरजवळ रस्त्यावर बहाडोलीच्या जांभळांच्या दोन करंड्या घेतल्या. एकेक जांभूळ अंगठ्याएवढं. एक करंडी गाडीतच संपली (सीटकव्हरवर पुरावे आहेत), दुसरीची आइसकांडी करायचं ठरवलं.

आमच्या सासऱ्यांना साखर आहे आणि गारेगारची हौस दांडगी. बाहेरचं नको म्हणून घरी. जांभळं चाळणीवर चोळून बिया काढल्या, निघालेल्या गरातला दोन वाट्या घेतला. चोथा लागू नये म्हणून तो गाळून घेतला, दोन वाट्या पाणी, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ. साच्यात ओतून रात्रभर फ्रीझरला.

सकाळी काडी ओढली तर नुसती काडीच हातात आली. नळाखाली धरून कशीबशी एक काढली. अण्णांनी चार वेळा चोखली, जीभ जांभळी झाली आणि हातात उरला पांढराफटक बर्फ. "सूनबाई, जांभूळ कुठं गेलं?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साखर अजिबात न घालता स्टीव्हियाचे थेंब घातले. गोडी आली, पण दगड तो दगडच. आता एकच डबा गर उरलाय, म्हणजे एकच डाव. जाणकारांनी सांगा.

बर्फवाला मामा:
सूनबाई, आइस्क्रीमच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. रस गोठतो तेव्हा आधी त्यातलं निव्वळ पाणी गोठतं. साखर, रंग, आंबटपणा सगळं उरलेल्या पाण्यात सरकत जातं आणि बर्फाच्या कणांच्या फटींत घट्ट पाक होऊन बसतं. अण्णांनी चोखला तो हा पाक. साखर कमी असेल तर पाक थोडा, बर्फ जास्त. म्हणून दगड. साखर गोडीसाठी असते तेवढीच ती मऊपणासाठीही असते. स्टीव्हियाचे दोन थेंब जिभेला फसवतात, बर्फाला नाही.

दुसरं, गर गाळलात ते चुकलं. तो चोथाच पाणी धरून ठेवतो. आणि तुमचा साचा जाड प्लास्टिकचा, बहुतेक मटाराच्या पाकिटांवर ठेवलेला. गोठायला जितका वेळ लागतो तितके बर्फाचे खडे मोठे होतात. मिश्रण आधी खाली फ्रीजमध्ये गार करा, साचा फ्रीझरच्या तळाला टेकवा.

माप विचाराल तर अर्धा किलो गराला 100 ते 110 ग्रॅम साखर, पाणी अर्ध्या वाटीच्या वर नको. चाखून बघताना थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते.

विरारची सून:
मामा, मटाराची पाकिटं कशी ओळखलीत! पण 100 ग्रॅम साखर आमच्याकडे चालायची नाही. दूध घालून मऊ होईल का?

सावंतवाडीची माई:
दूध नको गो. जांभूळ आंबट आणि तुरट, दूध नासतं. घट्ट सायीत एक वेळ चालेल. आणि एक सांगून ठेवते, जांभूळ साखरेवर चांगलं म्हणून कितीही खावं असं नसतं, त्या फळातही साखर असतेच. अण्णांना वाटीभरच द्या.

साखर घालायची नाही ना, मग काडीचा नाद सोडा. आमच्याकडे मी रातांब्याचं आणि जांभळाचं असंच करते. गर न गाळता पसरट स्टीलच्या ताटलीत बोटभर जाडीचा ओतायचा. पाऊण तासाने कडा गोठल्या की काट्याने खरवडून मधे ओढायच्या. मग दर अर्ध्या तासाला पुन्हा. चार-पाच वेळा केलं की भुसभुशीत खीस होतो, गोळेवाल्याच्या बर्फासारखा. दगड व्हायला जागाच राहत नाही आणि रंग प्रत्येक कणाला चिकटलेला. वरून सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ विसरू नका, नाहीतर जांभळाच्या तुरटपणाने जिभेला मिठी बसते.

तशीच राहू दिली तर दुसऱ्या दिवशी परत वीट होते. दहा मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा खरवडायची.

गोणपाटावरचा:
सगळे फ्रीझरच्या मागे लागलेत म्हणून लिहितो. आमच्या वाड्यात मे महिन्यात लाकडी बादलीचं पॉट निघायचं. मधे डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ, आणि वर गोणपाट टाकून त्यावर सगळ्यात जड भाऊ बसवायचा. तो जड भाऊ मीच.

अजूनही लाइट गेली की करतो. जुन्या थर्माकोलच्या खोक्यात तीन किलो बर्फाला एक किलो जाडं मीठ. बर्फ आणि मीठ मिळून घरच्या फ्रीझरइतकं गार होतं आणि चारी बाजूंनी बिलगतं, म्हणून पटकन गोठतं. पेप्सीच्या पातळ नळ्यांत गर भरून तोंड दोऱ्याने आवळून पुरा. माझ्या नळ्या पाऊण तासात होतात. गाठ सैल राहिली तर खारं पाणी आत जातं. एकदा सगळ्या पोरांना खारट आंबा खायला घातलाय, अजून ऐकून घेतो.

बर्फवाला मामा:
गोणपाटराव बरोबर बोलले. पण साखरेवाचून नळीसुद्धा कडकच होणार, फक्त खडे बारीक राहतील. अण्णांसाठी माईंचा खीस करा.

विरारची सून:
काल केलं. शेवटचा डबा, गर न गाळता, पाणी शून्य, साखर एक चमचा. माईंची ताटली आमच्या फ्रीझरमध्ये मावेना, म्हणून दोन डब्यांची झाकणं पालथी घालून त्यांत ओतला. चार वेळा खरवडला, पाचव्या वेळेला सीरियल लागली.

शेवटच्या अर्ध्या तासात जरा घट्ट झाला, पण काट्याने सुटला. गडद जांभळा, चोथा दाताखाली येतो पण वाईट नाही लागत. सैंधव होतं, जिरेपूड नव्हती, थोडा चाट मसाला टाकला. माई रागावू नका. अण्णांनी वाटी संपवली आणि चमच्याने तळ खरवडत बसले. मुलाने मात्र विचारलं, "याला काडी कुठंय?" त्याच्यासाठी पुढच्या रविवारी मामांचं साखरेचं माप, गोणपाटरावांच्या नळीत. थर्माकोलचं खोकं कोळणीकडून मागून आणलंय, तीनदा धुतलं तरी बोंबिलाचा वास जात नाहीये. काय लावू?