कुंपणाकडेला धायटी लावा

ताई, सोसायटीच्या कुंपणाकडेला नुसता मुरूम आहे, तिथे देशी काय टिकेल, असं विचारलंत. धायटीचं झुडूप लावा! पुण्याच्या वेताळ टेकडीवर उन्हातान्हात ती तग धरून असते. माझ्या गेटजवळ एक आहे. फेब्रुवारीत फांदी न् फांदी नळीसारख्या लालभडक फुलांनी भरते आणि सकाळी इवलासा शिंजीर पक्षी त्यात चोच खुपसून बसलेला दिसतो. सोबत अडुळसा नि निर्गुडी घ्या, दोन्ही फांदीवरून लागतात. गुलमोहराचा हट्ट मात्र सोडा, तो मूळचा मादागास्करचा. सावलीच हवी तर आपला करंज आहे की. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की लावा. आणि टेकडीवरची रोपं उपटून आणू नका, हात जोडून सांगते. नर्सरीतून घ्या.